पाहुण्याला गाव दाखवताना

रमजानच्या दिवसांत बाहेरगावचा मित्र शनिवार-रविवार मुक्कामाला येणार म्हटला की यजमानाला घरातूनच प्रश्न येतो, ‘पारोळामा काय शे देखाले?’ मित्राची अडचण निराळी असते. यजमानाचा रोजा असताना त्याच्यासमोर पाणी तरी कसे प्यावे?

मित्राची अडचण लवकर सुटते. ज्या कुरआनने रोजा फर्ज केला, त्यानेच प्रवाशाला तो पुढे पूर्ण करण्याची सवलत दिली (सूरह बकरा, १८५). जकातीच्या आठ हक्कदारांतही वाटसरू आहे (सूरह तौबा, ६०). जिथे वाटसरूची एवढी काळजी, तिथे पाहुण्याला दुपारी शेवभाजी-भाकरी वाढल्याने रोजेदाराचा रोजा उणा होत नाही. मित्राने निःसंकोच जेवावे.

घरातल्या प्रश्नाचे उत्तर मात्र गावाने द्यायचे आहे. पारोळ्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधलेला भुईकोट भर वस्तीत उभा आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली, किल्ल्याची मोडतोड केली. झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याचे नाते याच गावाशी सांगतात. बालाजीचे मंदिर आणि त्याचा रथोत्सव तर पंचक्रोशीत प्रसिद्ध.

पण गाव दाखवताना यजमानाच्या तोंडून एक वाक्य सहज निघून जाते, ‘तिकडचा भाग त्यांचा.’ हिंदू यजमान मशिदीच्या गल्लीजवळून वळतो, मुसलमान यजमान मंदिर लांबूनच दाखवतो. मनात वैर नसते, नुसती सवय असते. पाहुणा मात्र अर्धेच गाव पाहून परततो, आणि यजमानाची मुले हीच सवय उचलतात. किल्ल्याचेही तेच होते. तो कुणा एकाचा ठरला की त्याची निगा राखणे बाकीच्यांचे काम उरत नाही. खंदकात पडलेल्या कचऱ्यावर टाकणाऱ्याचा धर्म लिहिलेला नसतो.

खान्देशाची जुनी रीत ही नव्हे. रविवारी सवड असेल तर मित्राला बुऱ्हाणपूरला न्यावे. आज ते मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानी तेच होते. तिथल्या जामा मशिदीत राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकीने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरून घेतला. त्यात संवत १६४६, शके १५११ अशी नोंद आहे, पंचांगातली तिथीसुद्धा आहे. मशीद बांधणाऱ्या सुलतानाला शेजाऱ्याची भाषा आणि त्याची कालगणना परकी वाटली नाही. मग एकाच बाजारात भाजी घेणाऱ्यांनी एकमेकांच्या गल्ल्या परक्या का मानाव्यात?

तेव्हा रोजेदार यजमानाने शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर मित्राला किल्ला दाखवावा, बालाजीच्या मंदिरापर्यंत स्वतः सोबत जावे. मग्रिबच्या अजानला घरी पोचून त्याच्या हातावर खजूर ठेवावा. नवरात्रात एखाद्या हिंदू घरी मुसलमान मित्र मुक्कामाला आला, तर त्या घरानेही त्याला रथ दाखवावा आणि जुम्म्याच्या नमाजला मशिदीच्या दारापर्यंत सोडून यावे. दोघांनी जाताना रस्ता कुणाला विचारावा लागू नये, इतके तरी गाव प्रत्येकाला माहीत असावे.