शंकेला दार उघडे असावे का?

१/
हवामानबदलाविषयी शंका घेणाऱ्याला सार्वजनिक चर्चेत जागा द्यावी की नाही, यावर सध्या तावातावाने वाद होतात. एक पक्ष म्हणतो, विषय निकालात निघाला आहे, आता शंका म्हणजे कालापव्यय. दुसरा म्हणतो, शंका हाच विज्ञानाचा प्राण. या शास्त्राचा स्वतःचा इतिहास काय सांगतो, ते पाहू.

२/
१८९६ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी गणित मांडले: हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी वाढेल. चारच वर्षांत त्यांचे देशबांधव क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी आक्षेप घेतला. हा वायू शोषू शकतो तेवढी उष्णता आधीच शोषतो आहे. मग भर पडून फरक काय पडणार?

३/
आक्षेपामागे प्रयोग होता. पुढची कित्येक दशके बहुतेक शास्त्रज्ञांनी तोच ग्राह्य धरला. अऱ्हेनियस यांचा सिद्धांत जवळजवळ अडगळीत गेला.

४/
फेब्रुवारी १९३८. लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीत गाय कॅलेंडर नावाच्या वाफेच्या यंत्रांतील एका अभियंत्याने निबंध वाचला. जगभरच्या केंद्रांच्या नोंदी जुळवून तो म्हणाला, पृथ्वी तापते आहे, आणि त्यात आपण जाळलेल्या कोळशाचा वाटा आहे.

५/
समोर जॉर्ज सिम्पसन होते. ब्रिटिश हवामान खात्याची धुरा अनेक वर्षे वाहिलेले, त्याआधी सिमल्याला भारतीय हवामान खात्यात काम केलेले. त्यांचा आक्षेप असा, की केवळ उष्णतेच्या प्रारणाचे गणित करून तापमानाचे कोडे सुटत नाही. हवेच्या हालचालींचा विचार हवा.

६/
येथे थोडे थांबावे. त्या सभेत प्रस्थापित मत संशयाचे होते आणि तापमानवाढ सांगणारा एकाकी होता. ‘तज्ज्ञांच्या मताविरुद्ध बोलणाऱ्यास मज्जाव’ असा नियम तेव्हा असता, तर कॅलेंडर यांनाच दाराबाहेर उभे राहावे लागले असते.

७/
सिम्पसन यांची शंकाही पोकळ नव्हती. १९६७ साली स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हवेचे अभिसरण गणितात घेतले. तरीही वायू दुप्पट झाल्यास वाढ दोन अंशांहून अधिक निघाली. ऑंगस्ट्रॉम यांनाही उत्तर मिळाले होते: उष्णता अवकाशात निसटते ती वरच्या विरळ थरांतून, आणि तेथे वायूची भर पडली की ती अडते. या शंकांनी शास्त्र पक्के केले.

८/
आता दुसऱ्या जातीची शंका. १९८९ साली अमेरिकेत तेल, कोळसा व मोटार उद्योगांनी ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ स्थापन केली. जनतेपुढे ती सांगत राहिली, की विज्ञान अजून अनिश्चित आहे. पण १९९५ च्या अंतर्गत टिपणात तिच्याच तज्ज्ञांनी लिहिले होते, की हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येत नाही.

९/
ही शंका नव्हे, शंकेचे सोंग आहे. सिम्पसन यांना उत्तर हवे होते. या मंडळींना उत्तर ठाऊक होते आणि ते लांबवायचे होते. २००२ मध्ये संघटना विसर्जित झाली, पण मधली वर्षे परत मिळाली नाहीत.

१०/
म्हणून दार लावून घ्यावे? मग २०३५ ची गोष्ट आठवावी. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात छापले गेले, की हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांच्या निबंधाने हिमनद्यांच्या अशा चित्राला आव्हान दिले. समितीच्या अध्यक्षांनी त्याची संभावना जादूटोणा म्हणून केली. जानेवारी २०१० मध्ये समितीला २०३५ च्या विधानाबद्दल खेद व्यक्त करावा लागला.

११/
याचा अर्थ हिमालय सुरक्षित आहे असा नाही. काठमांडूच्या ‘इसिमोड’ संस्थेचे २०१९ चे मूल्यमापन सांगते, की तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एक तृतीयांश बर्फ शतकाअखेर जाईल. मात्र हा आकडा आज ठामपणे सांगता येतो, कारण तो तपासून घेतलेला आहे. चुकीचा आकडा झाकला असता, तर त्याच्याबरोबर खऱ्यावरचाही विश्वास उडाला असता.

१२/
माझे मत असे: शंकेला दार उघडे असावे, पण उंबरठ्यावर दोन प्रश्न विचारावेत. तुमच्या आक्षेपाला आधार कोणता? आणि काय दाखवले असता तुमचे समाधान होईल? ज्याच्याकडे उत्तरे आहेत, त्याला सन्मानाने बसवावे, मग तो एकटा का असेना. जो समाधान झालेला आक्षेप रोज नवा म्हणून आणतो, त्याला जुने उत्तर दाखवून निरोप द्यावा.

१३/
१९३८ चा तो निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला, तेव्हा त्याखाली श्रोत्यांचे आक्षेप छापले आणि आक्षेपांखाली कॅलेंडर यांचे उत्तर. आपल्याकडे शंका आणि समाधान हा जोडशब्दच आहे. त्यातला एकही अर्धा गाळू नये.

(समाप्त)