पार्सलची अंडी आणि आपला राग

आपल्या शनवाऱ्यातील काही भगिनींनी गेल्या मे महिन्यात बचतीच्या पैशांतून झाबुआकडची कडकनाथाची दोन डझन अंडी पार्सलने मागविली. खोके चौथ्या दिवशी आले. त्याच सायंकाळी अंडी दोन खुडूक कोंबड्यांखाली गेली आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली ती अवघी तीन. तेव्हापासून चर्चच्या आवारात एकच बोलणे आहे: पाठविणाऱ्याने फसविले, खाण्याची अंडी गळ्यात मारली.

आमचे मत निराळे आहे. एका माणसाच्या नावाला बट्टा लागत असल्याने ते येथे सांगणे भाग आहे. सातव्या रात्री आम्ही स्वतः ती अंडी बॅटरीच्या उजेडात धरून पाहिली होती. अकरा अंड्यांत रक्ताचे तांबडे कडे दिसले. अफलित अंड्यात असे कडे धरत नाही. म्हणजे अंड्यांत जीव होता, तो मागाहून मेला.

फलित अंडे कोंबडीच्या पोटातून बाहेर पडते तेव्हाच आत जीवाची सुरुवात झालेली असते. अंडे थंडावले की तो निजतो. 15 ते 18 अंश उष्णतेत आठवडाभर तो तसा राहू शकतो. 20-21 अंशांपुढे अर्धवट जागा होऊ लागतो. मे महिन्यात आपल्या बऱ्हाणपुरात पारा 40 च्या वर, आणि त्यात चार दिवसांचा प्रवास! शिवाय गचक्यांनी रुंद टोकाकडील हवेची पोकळी जागची सुटते. म्हणून आलेली अंडी निमुळते टोक खाली करून गार जागी निदान एक रात्र, शक्य तर पूर्ण दिवस, स्वस्थ ठेवावी लागतात. ती घाई आपलीच होती.

पाठविणाऱ्याने प्रत्येक अंडे कागदात गुंडाळून, टोक खाली करून, पुठ्ठ्याच्या खणात बसवावे. भोवती गव्हाचा भुसा किंवा केळीची कडकडीत वाळलेली पाने भरावीत (ओलसर पानांना बुरशी येते). खोके हळूच कलते करावे. आत काही सरकले तर आणखी भरावे. अंडी धुऊ मात्र नयेत, कवचावरचा राखणीचा लेप जातो.

इतके करूनही निम्म्यांतून पिल्ले निघाली तर समाधान मानावे. आम्हांस विचाराल तर पार्सल नकोच. डिसेंबर-जानेवारीत दोघींनी इंदूरमार्गे बसने जावे आणि अंडी मांडीवर घेऊन यावे. भाडे पडेल, पण कळप डोळ्यांनी पाहता येईल. पांढऱ्या हगवणीचा रोग आईकडून अंड्यातूनच पिल्लात उतरतो. तो खोक्यावरून कसा ओळखणार? त्यातून 2018 साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा नावावर विकणारेही असणारच.

पाठविणाऱ्या गृहस्थांना आम्ही दिलगिरीचे पत्र लिहून ठेवले आहे. ते रविवारपर्यंत आमच्या टेबलावर राहील. भगिनींनी मिस्सानंतर येऊन वाचावे, आणि पटल्यास सही करावी.