हात हलू लागला; आकलनाचे काय?

पक्षाघाताचा झटका आलेला रुग्ण रुग्णालयातून घरी निघतो, तेव्हा सर्वांचे लक्ष त्याच्या हातापायांकडे असते. हात किती उचलला जातो, पाऊल कसे पडते, बोलणे स्पष्ट आहे का, हे डॉक्टर पाहतात आणि नातेवाईकही विचारतात. परंतु त्याच झटक्याने स्मरणशक्ती, एकाग्रता व निर्णयशक्ती यांवर काय परिणाम केला, हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही.

हा प्रश्न मूठभर रुग्णांपुरता नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या वैज्ञानिक निवेदनानुसार, पक्षाघातातून वाचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांत पहिल्या वर्षभरात आकलनक्षमतेची घट आढळते, आणि पाच वर्षांत एकतृतीयांशपर्यंत रुग्णांना स्मृतिभ्रंश जडू शकतो. त्याच निवेदनात दिलासाही आहे. सौम्य घट झालेल्यांपैकी २० टक्क्यांपर्यंत रुग्ण पूर्णपणे सावरतात, आणि ही सुधारणा बहुधा पहिल्या सहा महिन्यांत होते.

मग ही घट ध्यानात का येत नाही? कारण ती नेहमीच्या विसरभोळेपणासारखी नसते. रुग्णाला जुन्या गोष्टी आठवतात, माणसे ओळखू येतात. मात्र चार कामे क्रमाने करणे जमत नाही, हिशेब चुकतो, ताटाच्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहते. घरातील माणसे याला आळस किंवा हट्टीपणा समजतात. यात केवळ गैरसमज नाही, धोकाही आहे. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहून गेली, तर दुसऱ्या झटक्याला वाट मोकळी होते.

प्राथमिक तपासणीची साधने उपलब्ध आहेत. १९७५ सालची मिनी मेंटल स्टेट परीक्षा प्रसिद्ध आहे. परंतु नियोजनक्षमतेतील दोष तिच्यातून निसटतात. २००५ साली प्रसिद्ध झालेली ‘मोका’ ही ३० गुणांची चाचणी सुमारे दहा मिनिटांत होते व असे दोष अधिक चांगले टिपते. ज्यांची वाचा गेली आहे किंवा ज्यांचे एका बाजूकडे लक्षच जात नाही, अशांचा विचार करून २०१५ साली ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन तयार झाली.

तथापि साधनाची निवड डोळसपणे व्हावयास हवी. ज्या वृद्धेने कधी लेखणी धरली नाही, तिला घड्याळाचे चित्र काढावयास सांगून कमी गुण देणे अन्यायाचे होय. तिची परीक्षा तिच्या मातृभाषेत व तिच्या शिक्षणाला साजेशी असली पाहिजे. शिवाय थकवा, जंतुसंसर्ग, अपुरी झोप किंवा खिन्नता यांमुळेही गुण घसरतात. म्हणून एका चाचणीवर निष्कर्ष काढू नये. काही महिन्यांनी ती पुन्हा करावी आणि नैराश्याचीही चौकशी व्हावी. कमी गुण म्हणजे निदान नव्हे. तो पुढील तपासणीचा इशारा आहे. त्याच्या आधारे कोणी रुग्णाचा स्वतःच्या पैशांवरील वा घरावरील अधिकार काढून घेऊ नये.

‘गेलेली बुद्धी परत आणणारी गोळी नाही, मग तपासणी कशासाठी?’ असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. दोष कळला की औषधांची वारनिहाय डबी करता येते, सूचना एकेक करून देता येतात, व्यवसायोपचार व वाचोपचार सुरू करता येतात. मुख्य म्हणजे घरच्यांचा राग ओसरतो. समोरचा माणूस मुद्दाम करीत नाही, हे त्यांना उमगते.

भारत सरकारने २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०२३ साली त्याला असंसर्गजन्य रोगांचा व्यापक कार्यक्रम असे रूप मिळाले. पक्षाघातानंतरच्या पाठपुराव्यात रक्तदाब व साखरेबरोबर या दहा मिनिटांनाही हक्काचे स्थान मिळावे. तोवर कुटुंबीयांनी रुग्णास घरी नेताना व पुढील प्रत्येक भेटीत डॉक्टरांना आवर्जून विचारावे : हात सुधारला, पण आकलनाची तपासणी झाली का?