बेचाळीस वह्यांतला एकच खांब
पंचवटीतील पालकांना, गणिताच्या शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना जाहीर पत्रक

पंचवटीतल्या एका शाळेतल्या दहावीच्या मुलीने समरूप त्रिकोणांचा उपक्रम खरोखर केला. वडिलांना घेऊन ती सकाळी घाटावर गेली. एक मीटरची काठी उभी धरून तिची सावली मोजली: ८४ सेंटीमीटर. लगेच विजेच्या खांबाची सावली मोजली: ६ मीटर ५ सेंटीमीटर. भागाकार केला, खांब ७.२ मीटर आला. तारीख, वेळ, काठी कोणी धरली, सावलीचे टोक फिकट पडल्यामुळे टेप नेमका कुठे टेकवायचा यावर बापलेकीत झालेला वाद, सगळे तिने वहीत लिहिले. वही परत आली ती लाल शेऱ्यानिशी: 'नमुन्याप्रमाणे पुन्हा लिही.' गुण पाचपैकी दोन.

नमुना गाईडातला. काठी १ मीटर, तिची सावली दीड मीटर, खांबाची सावली १२ मीटर, म्हणून खांबाची उंची ८ मीटर. वर्गातल्या बाकी बेचाळीस मुलांनी तोच उतरवून काढला आणि त्यांना पाचपैकी पाच मिळाले. बेचाळीस वह्या, एकच खांब, एकच सावली. हा खांब पंचवटीत कुठे उभा आहे ते आम्हाला कोणीतरी दाखवावे. रामकुंडावर? काट्या मारुतीपाशी? मालेगाव स्टँडला? तो कुठेच नाही. तो छापखान्यात उभा राहिला आणि दरवर्षी हजारो वह्यांत त्याची सावली पडते.

गणिताच्या शिक्षणाची काय दशा आहे हे या पत्रकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. क्लासच्या फिया तुम्हीच भरता, परीक्षेच्या आदल्या रात्री रडणारी पोरे तुमच्याच घरात आहेत. २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात काय आले तेही तुम्ही वाचले आहे: दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला अकरावीत जाता येईल, फक्त गुणपत्रिकेवर शेरा पडेल की याला गणित-विज्ञानाची वाट बंद. शंभरांतले २० गुण आधीच अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातचे. या दोन विसांवर स्वतंत्र पत्रक काढावे लागेल. आज आमचे भांडण एकाच गोष्टीशी आहे: न केलेल्या उपक्रमाची तयार निरीक्षणे मुलांकडून उतरवून घेण्याची रीत.

उपक्रम घेतलाच नाही तर मुलाचे नुकसान होते, पण ते तिथेच थांबते. न केलेला उपक्रम केला म्हणून लिहून घेतला की मूल वेगळेच काहीतरी शिकते. आकडा मोजून मिळत नाही, तो वरून येतो, हे ते शिकते. 'निरीक्षण' या मथळ्याखाली जे पाहिले नाही ते लिहायचे असते, आणि खरे लिहिले तर गुण जातात, हेही शिकते. पंधराव्या वर्षी खोटा दाखला तयार करण्याचा हा सराव आहे आणि त्यावर शिक्षकाची, पालकाची, मुख्याध्यापकांची सही असते.

मुलांना मोजता किती येते, हे मोजलेले आहे. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली होती. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांना उत्तर आले. तीच वस्तू शून्यावरून सरकवून ठेवली, तेव्हा फक्त ३९ टक्क्यांना. नऊ-दहा वर्षे कंपासपेटी बाळगलेली मुले ही! कोणत्याही सुताराला विचारा. टेपचे टोक वाकलेले असले तर तो दहापासून धरतो आणि दहा वजा करतो, विचारही करत नाही. त्याने पट्टी वापरली आहे. आमच्या मुलांनी पट्टीने वहीला समास आखला आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तोच आम्हाला सगळ्यात जास्त खटकतो: 'मुलांनी मोजले की उत्तर बरोबर येत नाही, वर्गात गोंधळ होतो.'

बरोबर येत नाही म्हणजे काय? त्या खांबाची उंची पाच मुलांनी काढली तर ७.१, ७.३, ७.२, ६.९, ७.२ अशी येईल. हा गोंधळ नाही, दहावीच्या 'सांख्यिकी'च्या प्रकरणाचा हा कच्चा माल आहे. मध्य काढा, ७.१४ येतो. मग विचारा, ६.९ कोणाचा? तो का घसरला? काठी तिरकी होती? ओळंबा लावला होता का? की काठीच्या आणि खांबाच्या सावलीमध्ये अर्धा तास गेला आणि तेवढ्यात सूर्य सरकला? समरूपतेची अट, दोन्ही सावल्या एकाच वेळच्या हव्यात ही, मुलाला इथे पहिल्यांदा खरी वाटते. गाईडातल्या ८ मीटरच्या खांबाला वेळच नाही, म्हणून त्या अटीलाही अर्थ नाही.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. हायस्कूलचे गणित सिद्धतेचे आहे, कागद कापणे आणि दोरे ताणणे हे बालवाडीचे. मोजमाप म्हणजे सिद्धता नव्हे, हे आम्हाला मान्यच आहे. पण सिद्धतेची गरज मुलाला केव्हा वाटते ते सांगा. तीस मुलांनी तीस वेगवेगळे त्रिकोण काढले, कोनमापकाने कोन मोजून बेरजा केल्या. कोणाचे १७८ अंश आले, कोणाचे १८१, कोणाचे एकशे साडेएकोणऐंशी. एकाचेही १५० नाहीत, एकाचेही २२० नाहीत. सगळे १८० च्या भोवती का घुटमळतात? नेमके १८० च कशावरून? आणि न काढलेल्या त्रिकोणांचे काय? हा प्रश्न वर्गातून उठला की मग फळ्यावर समांतर रेषा काढा, मग पक्ष, साध्य, सिद्धता लिहा. प्रश्न उठायच्या आधीच सिद्धता लिहून दिली तर मुले ती श्लोकासारखी पाठ करतात, आणि त्याच तोंडाने आपण म्हणतो की यांना तर्क जमत नाही.

तिसरा आक्षेप: पोर्शन. 'आम्हाला पोर्शन संपवायचा असतो.' ठीक, पोर्शनमध्येच राहू. दहावीच्या भूमितीत त्रिकोणमितीचे प्रकरण आहे, त्यात उन्नत कोन आहेत, आणि कोन बहुतेक ३०, ४५ नाहीतर ६० अंशांचे. आपल्या दारात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गोदेला पूर आला की अख्खे नाशिक पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याला लागले असे विचारत असते. त्याची उंची काढायला पाण्यात उतरावे लागत नाही. कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधायचा, दोऱ्याला एक नट अडकवायचा, सरळ कडेला जुन्या पेनाची नळी चिकटवायची. घाटावरच्या सपाट जागेवरून नळीतून मारुतीचा माथा पाहायचा. ४५ अंश होतील तिथे खडूची खूण. मग त्याच रेषेत, त्याच पातळीवर मागे सरकत जायचे आणि उन्नत कोन ३० अंश होईल तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधले अंतर ०.७३२ ने भागले की डोळ्याच्या पातळीपासून वरची उंची हाती येते. हे ०.७३२ कुठून आले? ३ च्या वर्गमुळातून १ वजा केला. मंदिराच्या पायथ्याशी पोहोचता येत नाही, दोन ठिकाणांहून उन्नत कोन दिले आहेत, हे जे उदाहरण फळ्यावर दोन तास कुटले जाते, तेच हे. एक सकाळ लागते. पाऊस नसताना न्या, नदीपासून लांब उभे करा, सोबत दोन पालक घ्या. आम्ही येतो.

साहित्य नाही म्हणणाऱ्यांना इतकेच विचारतो की काठी, सुतळी, खडू आणि टेप यांतले काय नाही. उलट कित्येक शाळांत गणितपेटी आलेली आहे आणि ती कपाटात कुलूपबंद आहे, कारण हरवली तर भरपाई कोण देणार.

आणि ज्याला काठीही जड होते त्याने देवळालीकडे पाहावे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे तिथल्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. डॉक्टरेट नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. आकड्यांशी खेळता खेळता त्यांना ६१७४ सापडला आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याबद्दल लिहिले तेव्हा जगाने या नाशिककर मास्तरांची दखल घेतली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, पुन्हा तेच करा. येत्या सिंहस्थाचे वर्ष २०२७ घेऊ: ७२२० वजा ०२२७ म्हणजे ६९९३. मग ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. मग ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. मग ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४, आणि पुढे कितीही केले तरी ६१७४ च. वर्गातल्या प्रत्येकाने आपापली संख्या घ्यावी. कोणी दोन पायऱ्यांत पोहोचेल, कोणी सहा, पण सातच्या पुढे कोणी जात नाही. कोणी अडकलाच, तर त्याच्या वजाबाकीत चूक आहे आणि ती त्याची त्याला सापडते. हा उपक्रम बेचाळीस जणांनी एकच संख्या उतरवून केला तर त्यात उरते काय? बेचाळीस वेगवेगळ्या वाटा एका ठिकाणी येतात, यातच तर सगळी गंमत आहे.

चौथा आक्षेप, 'बोर्डात हे कुठे विचारतात?' बोर्डाच्या पेपरात 'कृती पूर्ण करा' असा प्रश्न येतो. सोडवलेले उदाहरण, मध्ये रिकाम्या चौकटी, त्या भरायच्या. मुले चौकटी भरायला पटकन शिकतात, कारण पुढची ओळ वाचली की मागच्या चौकटीतले कळते. परीक्षेला तेवढे पुरत असेल. पण म्हणूनच जे पेपरात येऊ शकत नाही ते शाळेच्या २० गुणांत यावे अशी अपेक्षा आहे. तिथेही आपण नमुनाच उतरवून घेणार असू, तर मुलाने स्वतः काही करून पाहण्याची जागा उरली कुठे?

शिक्षक आमचे शत्रू नाहीत. साठ-साठ मुलांचे वर्ग, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती, हे आम्ही पाहतो. त्यांच्यावर इतक्या उपक्रमांची सक्ती आहे म्हणूनच सगळे खोटे होतात. आमची मागणी कमी करण्याची आहे: वर्षाला दोनच उपक्रम, पण खरे. पहिला हा घ्या. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे असतात तेव्हा शाळेच्या अंगणात मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. बरोबर बाराला नव्हे. नाशिकला त्या दिवसांत सूर्य माथ्याच्या रेषेवर साडेबाराच्या आसपास येतो. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सर्वांत आखूड सावली साधारण ३६ सेंटीमीटर येईल. त्रिकोण प्रमाणात कागदावर काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन मोजा. सुमारे २० अंश येईल, आणि हेच नाशिकचे अक्षांश. दहावीतल्या मुलाने आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे एका काठीने शोधून काढले. ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा, सावलीत सेंटीमीटरचाही फरक पडत नाही.

पालकांनो, तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. पुढच्या पालकसभेला मुलाची उपक्रमवही आणि त्याच्या शेजारच्या मुलाची वही, दोन्ही घेऊन या. दोन्हींतली मोजमापे दशांशासकट जुळत असतील तर सभेतच उभे राहून विचारा: हा खांब कुठला? तारीख कोणती, वेळ कोणती, काठी कोणी धरली होती? वहीच्या शेवटच्या पानावर पालकाच्या सहीची जागा असते. उत्तर मिळेपर्यंत ती रिकामी ठेवा.

— पंचवटीतील काही पालक