नव्या डोंगराची पाहणी हळू पायांनी करा

निवृत्त झाल्यावर डोंगर चढायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती न पाहिलेल्या वाटेवर वीस-पंचवीस ज्येष्ठांना एकदम नेण्याला. आपल्या वस्त्यांतून रेल्वे, महापालिका, पोस्ट, कारखाने अशा ठिकाणी नोकरी केलेले मित्र आता सकाळी एकत्र फिरतात. त्यातूनच एखाद्या रविवारी डोंगरावर जायचे ठरते. उत्साह चांगलाच आहे. पण तीस-पस्तीस वर्षे उभ्याने काम केलेले, ओझी वाहिलेले हे गुडघे आहेत. आपल्या घरात एका म्हाताऱ्या माणसाचा पाय मोडला की सुनेचा रोज बुडतो आणि साठवलेला पैसा दवाखान्यात जातो. म्हणून आधी पाहणी हवी.

पाहणीला बहुतेक ठिकाणी गटातला सर्वांत दणकट माणूस जातो आणि परत येऊन सांगतो, "काही नाही, सोपे आहे." आमच्या मते हे उलटे आहे. पाहणीला तिघे-चौघे जावेत. त्यात एक जण गुडघेदुखीचा असावा आणि एक तरी भगिनी असावी. लघवीला आडोसा कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे पुरुष पाहून येत नाहीत. मग वाटेत सोय नसेल या धास्तीने आपल्या आयाबहिणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात चढताना हे धोक्याचे आहे.

पुण्याजवळच्या भाज्याचे उदाहरण घ्या. लोकलने मळवलीला उतरले की भाजे गाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गावातून लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत. गावातूनच दुसरी वाट गायमुख खिंडीत चढते. खिंडीच्या एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर. लोहगडाला पायऱ्या आहेत. भाज्याकडून विसापूरला जाणारी वाट मात्र खड्या चढाची, दगडगोट्यांची आहे आणि पावसाळ्यात तिच्यावरून पाणी वाहते. ती आपण सोडून द्यावी. उरले तीन टप्पे: लेणी, खिंड आणि लोहगड. ज्याला जिथपर्यंत झेपेल तिथपर्यंत त्याची सहल पूर्ण झाली, असे आधीच जाहीर करावे. लेण्यांपाशी थांबणाऱ्याला "राहिला मागे" म्हणू नये. कोणाला कुठून सुखरूप परतता येईल, ती जागा शोधणे म्हणजेच पाहणी.

पाहणीत वही ठेवा. प्रत्येक टप्प्याला चढायला किती वेळ लागला, उतरायला किती, सावली कुठे, पिण्याचे पाणी कुठे, मोबाइलला रेंज कुठे, गाडी कुठपर्यंत येते, हे लिहा. उतरण सोपी समजू नका, गुडघ्यांवर खरा भार उतरतानाच येतो. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहा, कारण दुपारी या मार्गावर लोकल विरळ असतात. मागे फिरण्याची वेळ ठरवा आणि ती झाली की असाल तिथून वळा.

चढताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. छातीत दुखले, दडपण आले, घेरी आली तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा. साखरेचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. रक्तदाब, हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

कोणी म्हणेल, दोनदा भाडे कशाला खर्चायचे? तिघांचे लोकलचे भाडे एका एक्स-रेपेक्षा स्वस्त पडते. कोणी म्हणेल, या वयात डोंगर कशाला? जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील लोकांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. शिवाय तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगते. मित्रांच्या सोबतीने तो सहज होतो. महिनाभर रोज चाला, जिने चढा-उतरा, मग डोंगर धरा.

बंधू-भगिनींनो, आपण आयुष्यभर दुसऱ्याच्या घड्याळावर धावलो. आता आपल्या वेगाने चालू या. आणि तो वेग गटातल्या सर्वांत हळू माणसाचा असू द्या.