आंघोळीचे पाणी कोणी तापवावे?



गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी 'माझे मत' लिहायला सांगितले. माझे मत आंघोळीच्या पाण्याविषयी आहे. विषय लहान वाटेल, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

आमच्या घरी तांब्याचा बंब आहे. थंडीत आई पहाटे पाचला उठून तो पेटवते. पहिली आंघोळ आजोबांची, मग बाबांची, मग माझी. नंतर ताई आणि शेवटी आई. तोवर जळण संपते. आईच्या वाट्याला कोमट पाणी येते.

जळण काही आपोआप चालत येत नाही. आई आणि ताई माळावरून बाभळीच्या काटक्या आणतात. ताई हायस्कूलला नववीत आहे. गेल्या महिन्यात ती दोन शनिवार शाळेत गेली नाही. हजेरीपटावर गैरहजेरी लागली, कारण कोणी विचारले नाही. ते मी येथे लिहितो. मला रोज कढत पाणी लागते, हे ते कारण.

कोणी म्हणेल, आता गॅस आहे की! खरे आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या गल्लीत बऱ्याच घरी सिलिंडर आले. पण तो पुरवून वापरावा लागतो. म्हणून भाजी गॅसवर आणि पाणी बंबावर.

जानेवारीत आम्ही शाळेत एक प्रयोग केला. दोन सारखी घमेली घेतली. एकाला फळ्याचा उरलेला काळा रंग दिला, दुसरे तसेच चकचकीत ठेवले. दोन्हींत पाच-पाच लिटर पाणी ओतून वर काच ठेवली. सकाळी दहाला पाणी २२ अंश होते. दुपारी तीनला चकचकीत घमेल्यात ३४ अंश आणि काळ्यात ४६ अंश! काडी एकही जळली नाही.

सौर बंबाचे तत्त्व हेच. काळा पत्रा ऊन शोषतो, काच उष्णता कोंडून धरते. गरम पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते. टाकीला जाड वेष्टण असल्याने पाणी सकाळपर्यंत गरम राहते. मात्र तो महाग पडतो, आणि पावसाळी ढगात नीट चालत नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा उपाय गोबर गॅस. त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१-८२ साली सुरू झाला. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे २५ किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. आमच्या दोन म्हशींचे शेण लहान संयंत्राला पुरेल. थंडीत गॅस थोडा कमी होतो. आजी म्हणाली, "आरं, मग गवऱ्या कशाच्या थापायच्या?" मी म्हणालो, "आजी, गवरी जळली की खतही गेलं. गॅस काढून उरलेली मळी शेतात घालता येते." आजी म्हणाली, "शाळेत हे शिकवत्यात व्हय!" पण रागावली नाही.

माझे मत असे. ज्यांची ऐपत आहे त्यांनी सौर बंब बसवावा. ज्यांची गुरे आहेत त्यांनी गोबर गॅसचा विचार करावा. ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांनी काळे घमेले आणि काच घ्यावी, आणि मुलांनी शाळा सुटल्यावर संध्याकाळी आंघोळ करावी. मी आठ दिवस तसेच करतो आहे. मित्र चिडवतात, पण पाणी चांगले गरम असते. शिवाय रविवारी काटक्या आणायला आता मीही जातो. हे काम बायकांचेच आहे, असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले मला सापडले नाही.

पालकहो, माफ करा, लहान तोंडी मोठा घास घेतो. आज घरी गेल्यावर एवढेच पाहा, आपल्या घरी शेवटची आंघोळ कोणाची असते आणि तिला पाणी कसे मिळते.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी