परत आलेला लॅपटॉप

पूर्वी पेढीच्या भिंतीवर एक पाटी हमखास असे : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ गिऱ्हाईक समोर बसून, वस्तू हाताळून, उजेडात धरून घेत असे. त्यामुळे त्या पाटीला काही अर्थ तरी होता. आज घरातील तरुण मंडळी वापरलेले मोबाइल आणि लॅपटॉप ऑनलाइन विकतात. तेथे गिऱ्हाइकाच्या हाती वस्तू नसते, केवळ तिचे वर्णन असते. म्हणून ती पाटी तेथे लावता येत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा असेल, तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

वर्णन चुकले असेल तर पैसे परत करावेत. त्यात विचार करण्यासारखे काही नाही. खरी कसोटी लागते ती वर्णन खरे असूनही माल परत येतो तेव्हा.

समजा, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप विकला गेला. आठवड्याने ‘फार संथ चालतो’ अशी तक्रार आली, आणि परत आलेले यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर ८ जीबीच दिसले. व्यापाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो चोरीचा. मात्र तो ओठांवर येण्याआधी यंत्राचे मागचे झाकण उघडावे. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्यांपैकी एक प्रवासातील हादऱ्यांनी स्लॉटमध्ये सैल झाली असेल, तरीही यंत्र निम्मीच रॅम दाखवते. अशा वेळी गिऱ्हाईक खरे बोलत असते आणि व्यापारीही.

स्लॉट रिकामाच निघाला, तर मात्र प्रश्न पुराव्याचा होतो, आणि तो पुरावा माल पाठवण्यापूर्वीच तयार झालेला असावा लागतो. यंत्राचा अनुक्रमांक बिलावर हवा. आतील रॅम, डिस्क आणि बॅटरी यांच्यावरील क्रमांक वाचता येतील अशी छायाचित्रे हवीत. माल खोक्यात भरतानाचे चित्रीकरण हवे, आणि परत आलेले पार्सल फोडतानाचेही; तेही कुरिअरची चिठ्ठी व न उघडलेली चिकटपट्टी दिसेल असे, मध्ये खंड न पाडता. मूळ फाइली पुसू नयेत. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेले, तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडण्याची वेळ येऊ शकते.

मोबाइलच्या बाबतीत अनेकांची भिस्त १५ अंकी आयएमईआय क्रमांकावर असते. तो जुळला म्हणजे आतील मुख्य बोर्ड तोच, एवढेच सांगता येते. पडदा किंवा बॅटरी बदलली की नाही, हे त्यावरून कळत नाही. परतीला संमती देताना गिऱ्हाइकाला आणखी एक विनंती लेखी करावी : फोनमधून स्वतःचे खाते काढूनच तो पाठवावा. खाते तसेच राहिले तर परत आलेला फोन कुलूपबंद होतो, आणि भांडणाला दुसरे तोंड फुटते. फोनमध्ये त्याची छायाचित्रे किंवा संदेश राहिले असतील, तर ते उघडून पाहण्याचा अधिकार व्यापाऱ्याला पोहोचत नाही. तक्रार कितीही खोटी वाटली तरी.

उत्तराला विलंब करू नये. नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हावयास हवे. उत्तरात ‘फसवणूक’ हा शब्दही नको. ‘पाठवताना या क्रमांकाच्या दोन पट्ट्या होत्या, परत आली तेव्हा एकच आहे, छायाचित्रे सोबत जोडली आहेत’ एवढे पुरेसे होते. पुढचा निर्णय विक्री-मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे मागावा.

आणि छायाचित्र काढलेलेच नसेल तर? मग संशय कितीही दाट असला, तरी पैसे परत करून ती रक्कम आपल्याच निष्काळजीपणाच्या खाती लिहावी. एका पट्टीच्या किमतीसाठी कदाचित निरपराध असलेल्या माणसावर आळ घेणे कोणत्याही पेढीला परवडत नाही.

खरा मोह तर यानंतर येतो. परत आलेले यंत्र पुन्हा विक्रीला लावताना जुनीच जाहिरात, १६ जीबीसकट, तशीच चढवावी असे वाटते. झालेला तोटा पुढच्या गिऱ्हाइकाकडून वसूल होतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे तो हाच, आणि नकली पडदा बसवून त्याला ‘ओरिजिनल’ म्हणणे हाही तोच. त्याच यादीतील ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरीचा माल घेणे, जुन्या मोबाइलच्या धंद्यात खरेदीच्या वेळीच दारात उभे असते. बिलावाचून स्वस्तात आलेला फोन घेण्याआधी ‘केवायएम’ हे अक्षर आणि त्यापुढे आयएमईआय क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा. तो काळ्या यादीत आहे का, हे कळते.

त्या लॅपटॉपची नवी जाहिरात अशी असावी : रॅम ८ जीबी, एक स्लॉट रिकामा, एकदा विकून परत आलेला, किंमत त्या मानाने कमी.